माका थायरॉइड आसा, लस घेव काय नको?

मे महिन्यात कुडाळात घरोघरी पावसाची बेगमी चाललेली असते. अंगणात कोकमाची सोलं वाळत असतात, सुके बांगडे नि सुकट डब्यांत जात असते, कौलं चाळायला माणूस आलेला असतो. अशाच एका दुपारी माझी धाकटी जाऊ सोलं उलथता उलथता म्हणाली, "वयनी, ती फ्लूची लस घेव काय नको? माका थायरॉइड आसा."

तिची मुलगी मुंबईला नर्स आहे. तिनं फोनवर आईला दम भरला होता की पाऊस लागायच्या आत लस घे. इकडे औषधाच्या दुकानात कोणीतरी सांगितलं होतं की ऑटोइम्यूनवाल्यांनी जपून. हा शब्द जावेनं स्वतःच्या रिपोर्टावर वाचलेला होता. तिचं म्हणणं तिनं एका वाक्यात मांडलं: "आधीच आंग माझ्यावर उलाटलेला आसा, त्येका आनी डिवचूचा कित्याक?"

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटला, आणि आजही वाटतो. तो अडाणीपणातून आलेला नाही. आजाराबद्दल तिला जेवढं सांगितलं गेलं, तेवढ्यावरून ती नीट तर्क करत होती. 'शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते' असं तिला सांगितलं गेलं होतं. 'लस प्रतिकारशक्ती वाढवते' असंही सांगितलं गेलं होतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की तिसरं आपोआप येतं: मग लस घेतली तर हल्ला वाढेल. तर्कात खोट नाही. खोट आहे ती दोन्ही वाक्यांत आलेल्या एका शब्दात, 'प्रतिकारशक्ती'त. माझं सारं म्हणणं त्या शब्दाभोवती आहे.

आधी 'थायरॉइड आहे' याविषयी. मला साखर आहे, मला बीपी आहे, तसंच मला थायरॉइड आहे. थायरॉइड म्हणजे गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते; पण आपल्याकडे ग्रंथीचं नावच आजाराला पडलं. त्याचा तोटा असा की अगदी उलट स्वभावाचे दोन आजार एकाच नावाखाली नांदतात. आमच्याच घरात ते दोन्ही आहेत. मला चौदा वर्षांपासून हाशिमोटोचा आजार आहे. त्यात ग्रंथी हळूहळू झिजते, हार्मोन कमी पडतो, आणि मी पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते. जावेला ग्रेव्ह्जचा आजार. तिच्या शरीरातल्या अँटिबॉडी ग्रंथीला सतत टोचत राहतात, हार्मोन जास्त होतो, छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं. ती ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमॅझोल घेते. एक गोळी उणीव भरून काढते, दुसरी अतिरेक आवरते. दोघींच्या आजाराचं मूळ मात्र एकच: शरीरानं आपल्याच ग्रंथीला परकं मानलं.

आमच्यासारख्या घरोघरी आहेत. भारतातल्या आठ शहरांत, त्यात मुंबई आणि गोवाही होते, पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास अकरा टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली, आणि सुमारे बावीस टक्क्यांच्या रक्तात अँटी-टीपीओ नावाची, ग्रंथीविरुद्धची अँटिबॉडी सापडली. म्हणजे पाचांत एकाला तरी. यांतल्या पुष्कळांना कधीच काही त्रास होणार नाही. पण रिपोर्टावर आकड्यासमोर 'हाय' छापलं जातं, नि बाई ते वाचते. पुरुषांच्या मानानं बायकांत हे आजार कितीतरी पटींनी जास्त, म्हणून वाचणारी बहुधा बाईच असते.

आता 'शक्ती'. करोनाच्या दोन वर्षांत हा शब्द आपल्या तोंडी बसला. काढे घ्या, हळदीचं दूध घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा. जणू अंगात एक टाकी आहे, ती भरली की माणूस सुरक्षित, रिकामी झाली की आजारी. असं चित्र डोळ्यांपुढे असलं की ऑटोइम्यून आजार म्हणजे टाकी ओसंडून वाहणं, आणि लस म्हणजे तिच्यात आणखी एक कळशी ओतणं. जाऊ घाबरली ती या चित्राला. मीही पहिली काही वर्षं हेच चित्र मनात धरून होते. सर्दी झाली तरी वाटायचं, आता ग्रंथीचं काय होतंय कोण जाणे.

शरीराचं काम टाकीसारखं चालत नाही. ते ओळखीवर चालतं. रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींचे असंख्य निरनिराळे गट असतात, आणि प्रत्येक गट ठरावीक एखादाच आकार ओळखतो. आमच्या वाडीत रात्री कुत्रं भुंकलं तर कोण आलं ते भुंकण्यावरून कळतं, पण कुत्रं एकच असतं. इथे प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळं कुत्रं आहे असं समजा. फ्लूच्या विषाणूवरचा खुंट्यासारखा भाग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, थायरॉइडमधलं टीपीओ हे प्रथिन चुकून परकं समजणाऱ्या पेशी वेगळ्या. लस पहिल्यांना जागं करते. दुसऱ्यांना तिच्यात ओळखण्यासारखं काही नसतं.

हे मी मनचं सांगत नाही. याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मध्यभागी आमची थायरॉइडच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पाउल एर्लिख या मोठ्या शास्त्रज्ञानं ठामपणे मांडलं होतं की शरीर स्वतःविरुद्ध असं घातक शस्त्र उचलणार नाही, निसर्गानं त्याला त्याचं भयच घालून दिलं आहे. पुढची पन्नास वर्षं वैद्यकशास्त्र बहुतांशी हेच मानून चाललं. त्याच काळात, १९१२ साली, जपानमधल्या हाकारू हाशिमोटो या तरुण सर्जननं चार बायकांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ग्रंथीभर पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. त्यानं जर्मन भाषेत लेख लिहिला, आणि काही वर्षांनी आपल्या गावी परतून तिथला डॉक्टर म्हणून राहिला. १९३४ साली विषमज्वरानं तो गेला. आपण काय पाहिलं होतं त्याचा पुरता अर्थ त्याला हयातीत कळला नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. माझ्या फायलीवर त्याचं नाव आहे, म्हणून असेल.

अर्थ लागला १९५६ मध्ये. अमेरिकेतल्या बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना त्यांच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तर सशांच्या शरीरानं आपल्याच थायरॉइडवर चाल केली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी दाखवून दिल्या. एर्लिखचा सिद्धांत ज्या अवयवानं मोडला, तो हा. आता त्यात माझ्या मुद्द्याचं काय आहे ते पाहा. सशांची थायरॉइड बिघडली, बाकीच्या अवयवांवर हल्ला झाला नाही. कारण टोचला होता थायरॉइडचा अर्क. चूक नेमकी होती, तिला पत्ता होता. सशाची 'शक्ती' वाढून ती वाट फुटेल तिकडे धावत सुटली, असं झालं नाही.

पण जावेच्या बाजूनंही एक मुद्दा याच प्रयोगात आहे, आणि तो मी लपवणार नाही. नुसता अर्क टोचून रोझचं काम भागलं नव्हतं. त्यात फ्रॉइंडचं मिश्रण म्हणून ओळखला जाणारा, तेल नि मारलेले क्षयजंतू असलेला एक उत्तेजक मिसळावा लागला. अशा पदार्थांना ॲडजुव्हंट म्हणतात. ते पेशींना मोठ्यानं हाक मारतात. म्हणजे 'डिवचणं' ही कल्पना अगदीच निराधार नाही. जोरात डिवचलं आणि सोबत चुकीचा पत्ता दिला, तर उलटतं. मग विचारायला हवं की फ्लूच्या लसीत काय असतं.

आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या टोचायच्या फ्लूच्या लसीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. दर जातीमागे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन, तीन किंवा चार जाती, म्हणजे सगळं मिळून ४५ किंवा ६० मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाएवढं. ॲडजुव्हंट नसतो. ती अंगात वाढू शकत नाही, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दोन आठवड्यांत अँटिबॉडी तयार होतात. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग मोडून येतं, क्वचित ताप येतो. ती पेशींना हाक पोचल्याची खूण.

आता दुसऱ्या बाजूला खरा फ्लू ठेवा. तो विषाणू नाकाघशातल्या पेशींत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती काढतो, आठवडाभर साऱ्या शरीराला रणधुमाळीत ठेवतो. डिवचण्याचीच भीती असेल, तर दोघांत जास्त कोण डिवचतो? जावेला मी हाच प्रश्न उलटून विचारला होता. लस टाळून शरीराला शांत बसवता येतं का? पावसाळ्यात भातलावणीला उतरलेल्या बाईच्या शरीराला चिखलातले जंतू, पायाचं खरचटणं, पोरांची सर्दी, पाण्यातला बिघाड रोजच डिवचत असतात. लस ही या गर्दीतली एक बारीक, ठरवून केलेली, वेळ सांगून आलेली हाक आहे.

लसीनं कधीच कोणाचं काही बिघडवलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्यांमुळेच लोकांचा विश्वास उडतो. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीनं घाईघाईनं कोट्यवधी लोकांना लस टोचली, आणि लाख लोकांमागे साधारण एक जादा माणूस गियाँ-बारे सिंड्रोमनं, म्हणजे नसांवरच्या ऑटोइम्यून हल्ल्यानं, आजारी पडला. मोहीम थांबवावी लागली. २००९-१० च्या साथीत युरोपात वापरलेल्या एका ॲडजुव्हंट घातलेल्या लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमधल्या मुलांत नार्कोलेप्सी, म्हणजे अनावर झोपेचा आजार, वाढल्याचं आढळलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गियाँ-बारे खुद्द फ्लूच्या आजारानंतरही होतो, आणि आजच्या हंगामी लसीशी त्याचा संबंध जोडायचाच तर दहा लाखांमागे एखाद-दुसरा. २००९ च्या साथीनंतर चीनमध्ये लस फारशी न घेतलेल्या लोकांतही नार्कोलेप्सी वाढली होती. विषाणूनं स्वतःच ते केलं असावं.

थायरॉइडचं काय? फ्लूच्या लसीनंतर काही दिवसांनी ग्रंथीला सूज येऊन गळा दुखल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशी सूज बहुतेकदा विषाणूच्या सर्दी-तापानंतर येते आणि बहुधा आपली आपण उतरते. पण लसीमुळे हाशिमोटो बळावतो किंवा ग्रेव्ह्ज उसळतो, असं मोठ्या पाहणीत दिसलेलं नाही, आणि ही लस तर दरवर्षी कोट्यवधी लोक घेतात, ज्यांत थायरॉइडवाले ढिगानं असतात.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. थायरॉइडच्या बाबतीत ही म्हण मी फार वेळा आठवते. हा आजार मुळातच वर-खाली होणारा. गोळी चहाबरोबर घेतली, कॅल्शियम-लोहाची गोळी लगोलग घेतली, वजन बदललं, पाळी जायची वेळ आली, की टीएसएच, म्हणजे रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा, हलतो. मेमध्ये लस घेतली आणि जुलैत टीएसएच वाढलेला दिसला, की बोट लसीकडे जातं. पण म्हण तिथेच सोडून चालत नाही. कावळा निर्दोष आहे हे नुसतं म्हणून ठरत नाही. कावळा न बसलेल्या किती फांद्या मोडल्या ते मोजावं लागतं. १९७६ आणि २०१० मध्ये तसं मोजलं, म्हणून तर दोष सापडले. ज्या मोजणीनं ते दोष पकडले, त्याच मोजणीला थायरॉइडचा दोष सापडत नाही, तेव्हा माझा तिच्यावर विश्वास बसतो.

आता उलट बाजूची अतिशयोक्ती. 'तुम्हाला ऑटोइम्यून आहे, म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून लस घ्याच' असंही मी ऐकलं आहे. हेही त्याच टाकीच्या चित्रातून आलं. नीट गोळी घेणाऱ्या, टीएसएच ताब्यात असलेल्या हाशिमोटोच्या बाईला फ्लू इतरांहून जास्त होतो किंवा जास्त भोवतो असं नाही. ब्रिटनमध्ये सरकारी लस कोणाला फुकट द्यायची याच्या यादीत नुसती थायरॉइडची कमतरता नाही, ती याच कारणानं. म्हणजे थायरॉइड हे लस टाळण्याचं कारण नाही, तसं नुसत्या थायरॉइडपायी धावत जाण्याचंही नाही. कारणं दुसरीकडे असतात: वय साठ-पासष्टच्या पुढे गेलंय का, मधुमेह आहे का, दमा आहे का, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे का, पोटात बाळ आहे का, घरात तान्हं किंवा अंथरुणावरचं माणूस आहे का. थायरॉइडवाल्या बायकांत यांपैकी एखादं पुष्कळदा सापडतं. शिवाय ऑटोइम्यून आजार जोडीनं येतात. हाशिमोटोबरोबर कधी कधी पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा संधिवात असतो. संधिवातासाठी किंवा ग्रेव्ह्जमुळे सुजलेल्या डोळ्यांसाठी स्टेरॉइडसारखी औषधं चालू असतील, तर प्रतिकार खरोखर दबलेला असतो. अशांनी टोचायची लस जरूर घ्यावी, पण नाकात मारायची जिवंत लस घेऊ नये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१० मध्ये आणलेली स्वाइन फ्लूची लस त्या नाकातल्या प्रकारची होती, हे अनेकांना आठवत असेल.

थायरॉइडचं म्हणून वेगळं कारण दोनच ठिकाणी आहे. ज्यांचा आजार अजून ताब्यात आलेला नाही, त्यांना कुठलाही मोठा संसर्ग धोक्याचा. ग्रेव्ह्ज उसळलेला असताना जोराचा ताप आला तर 'थायरॉइड स्टॉर्म' उठू शकतं. नाडी बेफाम, ताप चढता, भ्रम. उपचार मिळूनही दहांतलं एखादं माणूस त्यात जातं. उलट, वर्षानुवर्षं उपचार न झालेल्या, थंड पडलेल्या थायरॉइडच्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया बेशुद्धीत नेऊ शकतो. दोन्ही विरळा, पण दोन्हींना ढकलणारा हात बहुतेकदा संसर्गाचा असतो.

दुसरं ठिकाण माझ्या जावेचं, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण कुडाळात राहणाऱ्याला ते वेगळं भिडतं.

कार्बिमॅझोल घेणाऱ्यांपैकी हजारांत एक ते पाच जणांना, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, एक विचित्र गोष्ट होते: जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ संपतात. त्याची पहिली खूण म्हणजे ताप आणि घसा दुखणं. फ्लूची पहिली खूणही तीच. म्हणून हे औषध सुरू करताना सांगायचं असतं की ताप आला, घसा धरला, तोंड आलं, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. पेशी ठीक असल्या तर गोळी पुन्हा सुरू. जावेला हे कधीतरी घाईत सांगितलं गेलं असेल. तिच्या लक्षात राहिलेलं नव्हतं.

आणि आमच्याकडे ताप म्हणजे नुसता ताप कधी असतो? जुलैत ताप आला की पहिली शंका लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, कारण भाताच्या खाचरात उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यात पाय असतात. त्यासाठी आरोग्य खातं लावणीच्या आधी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतं. मग डेंग्यू, मलेरिया. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापानंही माणसं नेली आहेत. काजूच्या बागेत गोचीड चावून तो येतो, तो हिवाळा-उन्हाळ्यात. रक्ताच्या चार तपासण्या होईपर्यंत माणूस ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर गोव्यात बांबोळीला पोचलेला असतो. या तापांच्या रांगेत कार्बिमॅझोल घेणाऱ्या बाईच्या वाट्याला आणखी एक शंका जादा येते. फ्लूची लस ही रांग पूर्ण मोडत नाही. लस चांगली जुळलेल्या वर्षीसुद्धा दवाखान्यापर्यंत नेणारा फ्लू ती चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते, त्याहून जास्त नाही, आणि वय झालेल्यांत त्याहूनही कमी. पण रांगेतला एक ताप जरी निम्म्यानं घटला, तरी गोळी थांबवून धावत रक्त द्यायला जाण्याची एखादी रात्र टळते. माझ्या मते तिच्यासाठी हे पुरेसं कारण आहे.

मग कधी घ्यायची? परदेशातली मुलं फोनवर सांगतात, ऑक्टोबरात घ्या. त्यांच्या देशात थंडीत फ्लू येतो, त्यांचं बरोबर आहे. श्रीनगरलाही तसंच. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मात्र फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर. थंडी सरताना एक लहान लाट येते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतल्या जाती ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असूनही आपल्या पावसाळ्याला दक्षिणेचीच लस जुळते, आणि ती उन्हाळ्यात बाजारात येते. म्हणजे आमच्यासाठी योग्य वेळ एप्रिल-मे. सोलं वाळवण्याचे दिवस.

कोकणात त्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे चतुर्थी. फ्लूचा जोर असतो त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी कोकण रेल्वेच्या खच्चून भरलेल्या डब्यांतून कुडाळ स्टेशनावर उतरतात. दहा-बारा तास एकमेकांच्या श्वासात. मग पाच, सात, अकरा दिवस एका घरात तीस माणसं, आरत्या, भजनं, एकाच माजघरात झोपणं. ऐंशीच्या घरातली सासू, सुनेचं दोन महिन्यांचं बाळ, सगळी तिथेच. लस घेण्याचा विचार मी माझ्या ग्रंथीपुरता करते तेव्हा तो अर्धाच असतो. स्वयंपाकघरात दिवसभर उभी राहून सगळ्यांना वाढणारी बाई अनेकदा थायरॉइडवाली असते. तिचा ताप पानापानावर जातो.

त्या दोन महिन्यांच्या बाळाबद्दल एक गोष्ट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी फ्लूची लसच नाही. त्याला मिळतं ते आईनं गरोदरपणी घेतलेल्या लसीतून, नाळेवाटे आलेल्या अँटिबॉडींमधून. गरोदरपणात थायरॉइडची तपासणी आता सर्रास होते, आणि अनेक मुलींच्या हातात पहिल्यांदा 'ऑटोइम्यून' शब्द त्या नऊ महिन्यांतच येतो. नेमक्या त्याच वेळी लस सर्वांत जास्त कामाची असते, आणि नेमक्या त्याच वेळी भीतीही सर्वांत मोठी असते. २०१५ साली देशात स्वाइन फ्लूचे बेचाळीस हजारांवर रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले. त्या साथीत महाराष्ट्र सरकारनं गरोदर बायका, मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. चांगलं पाऊल होतं. पण देशाच्या नियमित लसीकरणात फ्लू अजून नाही, आणि खासगीत एका टोचणीला हजार-दोन हजार रुपये लागतात, तेही दरवर्षी. काजूच्या बीवर नि भाताच्या पेंढ्यावर घर चालवणाऱ्या बाईला 'घ्या' म्हणणं सोपं आहे. आशाताई दारोदार लेप्टोच्या गोळ्या पोचवतात, तशी किमान गरोदर आणि साठीपुढच्यांसाठी फ्लूची लस पावसाआधी ग्रामीण रुग्णालयात सहज मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्याहून जास्त हवं आहे ते समजावून सांगणं. लस आणि शंका यांचं नातं या मुलखात जुनं आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका बाटलीतल्या लसीनं एकोणीस माणसं धनुर्वातानं गेली. लसीवर नि हाफकिन यांच्यावर ठपका आला; बाटली तिथेच उघडताना दूषित झाली असावी आणि त्यांचा दोष नव्हता हे मान्य व्हायला वर्षं गेली. तोवर शंका लोकांच्या मनात घर करून बसली होती. शंका आली तेव्हाच कोणी बसून बोललं, तर ती रुजत नाही. तपासणीच्या कागदावर 'ऑटोइम्यून' छापायला एक क्षण लागतो. तो शब्द समजावायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती पंधरा मिनिटं आमच्या दवाखान्यांत कोणाकडे नसतात. म्हणून ती औषधाच्या दुकानात, एसटीत, फोनवर आलेल्या फॉरवर्डमध्ये शोधली जातात.

कोणी घेऊ नये, हेही सांगते. आधीच्या फ्लूच्या लसीनं किंवा तिच्यातल्या घटकानं अंगावर जीवघेणी ॲलर्जी उठली असेल, त्यांनी. आधीच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. अंगात ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावं. अंड्याची ॲलर्जी आता आड येत नाही. ग्रेव्ह्जचं निदान नुकतंच झालेलं असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवावा. आणि लस घेतल्यावर किंवा फ्लू होऊन गेल्यावर लगेच टीएसएच तपासायला धावू नये. तापात तो आकडा मुळातच खोटं बोलतो. पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत.

हे सगळं मी जावेला त्या दुपारी एका दमात सांगितलं नाही. तीन-चार दिवस, सोलं उलथताना, मासे साफ करताना, थोडं थोडं. मुंबईहून तिची मुलगी फोनवर भर घालत होती. ससे नि त्यांचा अर्क ऐकून ती म्हणाली, बिचारे ससे. मिठाच्या कणाची गोष्ट तिला पटली. कार्बिमॅझोलची गोष्ट ऐकून मात्र ती बराच वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, "ह्या माका कोणी सांगूक नाय."

मृग लागायच्या चार दिवस आधी आम्ही दोघी गेलो आणि लस घेतली. तिचा दंड दोन दिवस दुखला, माझा एक. परत आल्यावर तिनं नातवाच्या वहीचं पान फाडलं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी चिकटवलं. अक्षर तिचं, वाक्य आम्ही दोघींनी मिळून केलेलं: 'ताप आणि घसा, गोळी बंद, त्याच दिवशी रक्त.' खाली मुलीचा फोन नंबर, मोठ्या आकड्यांत, चष्म्याशिवाय दिसेल असा.